परदेशात आजारातून उठताय आणि पुढचा मुक्काम समुद्रकिनारी: जायचं का, आणि गेलात तर कसं राहायचं

परदेशात फिरताना मध्येच ताप भरतो, जुलाब लागतात, नाहीतर थेट अ‍ॅडमिट व्हावं लागतं. चार-पाच दिवसांनी जरा उठून बसता येऊ लागलं की लक्षात येतं, पुढचा मुक्काम समुद्रकिनारी आहे आणि पैसे भरून झालेत. सोबतची मंडळी म्हणतात, "तिथे काय, नुसतं पडून तर राहायचंय. उलट हवापालट होईल."

हवापालटाची कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमध्ये मार्गेट इथे १७९१ साली समुद्रस्नानाच्या उपचारासाठी खास रुग्णालय स्थापन झालं होतं. तिथल्या रुग्णांच्या उशाशी परिचारिका होत्या. तुमच्या उशाशी सूटकेस असणार. ऊन, दमट हवा, वाळूतली चाल, डास, बाहेरचं खाणं आणि बऱ्याचदा लांबवर असलेलं हॉस्पिटल, नेमकं हेच आजारातून उठलेल्या शरीराला झेपत नाही. तरीही जाता येतं आणि नीट आखलं तर आरामही मिळतो. फक्त एक गोष्ट आधीच कबूल करून टाकायची: या खेपेला खोली महत्त्वाची, समुद्र नंतर. खाली सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

पायरी १: निघायच्या लायकीचे झालात का?

"बरं वाटतंय" या शब्दांवर विसंबू नका. माणसाला हॉस्पिटलच्या खाटेवर बरंच वाटतं. माझी कसोटी साधी आहे. तापाची गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आलेला नाही, दोन वेळचं जेवण पोटात टिकलं आहे, लघवी फिकट आणि नेहमीइतकी होतेय, आणि मध्ये न थांबता, धाप न लागता एक जिना चढता येतोय. चारही गोष्टी जमल्या तर प्रवासाचा विचार करा. एक जरी अडली तर आणखी एक-दोन दिवस तिथेच राहा, जिथे तुमचा डॉक्टर तुम्हाला ओळखतो.

डेंग्यूला मात्र ही कसोटी लागू पडत नाही, आणि किनारी मुक्कामांच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे आजार गेला असं होत नाही. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात, कारण या काळात काहींच्या रक्तवाहिन्यांमधून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि रक्तदाब घसरू शकतो. नेमक्या त्याच दिवशी माणूस अंघोळ करून ताजातवाना होतो आणि म्हणतो, चला, उद्याची बोट पकडू. पोटात जोराने दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अस्वस्थपणा किंवा उलट खूप सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर बोटीचा विचार सोडून पुन्हा हॉस्पिटल गाठा. हे दोन दिवस उलटून गेले, प्लेटलेट्स वर चढताना दिसल्या आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की मगच हला. आणि डेंग्यूची शंका जरी असली तरी अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, मोठ्या माणसाला दिवसभरात जास्तीत जास्त ४ ग्रॅम, आणि यकृताचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

काही गोष्टी असतील तर प्रवासाची चर्चाच नको: शौचातून रक्त, बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, बोलण्यात गोंधळ, डोळ्यांचा पिवळेपणा वाढत जाणं. आणि आजार संसर्गजन्य असेल तर प्रश्न फक्त तुमचा उरत नाही. कांजिण्यांचे सगळे फोड वाळून खपली धरेपर्यंत विमान कंपन्या बसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पायरी २: डिस्चार्ज घेताना कागद मागून घ्या

घाईत बिल भरून बाहेर पडलं की मागाहून एकेका कागदासाठी ई-मेल करत बसावं लागतं. डिस्चार्ज समरी इंग्रजीत मागा. त्यात निदान, दिलेली औषधं मूळ रासायनिक नावाने, आणि शेवटच्या तपासणीचे आकडे हवेत. ब्रँडचं नाव दुसऱ्या देशात कुणाला कळत नाही. मूळ नावंसुद्धा कधी बदलतात: पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. रक्ताचं किंवा लघवीचं कल्चर (कोणते जिवाणू आहेत ते वाढवून पाहायची तपासणी) पाठवलं असेल तर त्याचा रिपोर्ट यायला दोन-चार दिवस लागतात. तो कुठे आणि कसा मिळेल ते विचारून ठेवा, कारण चालू अँटिबायोटिक बरोबर आहे की बदलायचं ते त्यावरून ठरतं. बिल तपशीलवार हवं. एका ओळीच्या बिलावर क्लेम अडकतो.

मग डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारा. "मी फिरू शकतो ना?" असं विचारलं तर हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी: विमान चालेल का? या औषधांवर ऊन चालेल का? समुद्रात उतरलो तर? दारू किती दिवस बंद? पुन्हा रक्त कधी तपासायचं? उत्तरं तिथेच मोबाइलमध्ये टिपून घ्या. अशक्तपणात काही लक्षात राहत नाही.

पायरी ३: जागचं हलण्याआधी विमा कंपनीला फोन

हा फोन बहुतेक जण विसरतात. पॉलिसीवर चोवीस तास चालणाऱ्या मदत केंद्राचा नंबर असतो. तिथे कळवा की उपचार झाले, आता अमुक ठिकाणी जायचंय, डॉक्टरांची लेखी परवानगी आहे. उत्तर ई-मेलवर मागा. डॉक्टर नको म्हणत असताना प्रवास केला आणि पुढे तब्येत बिघडली, तर कंपनी त्या खर्चाला नकार देऊ शकते. जाणं रद्द करायचं ठरलं तरी क्रम महत्त्वाचा आहे: आधी डॉक्टरांचं 'प्रवास करू नये' असं तारखेसह पत्र, मग बुकिंग रद्द. तारीख उलटी पडली की हुज्जत सुरू.

पॉलिसीत आणखी दोन ओळी शोधा. स्कूबा, जेट-स्की यांसारखे खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, आणि दारू प्यायल्यावर झालेली दुखापतही. व्हिसाचे दिवस संपत येत असतील तर मुदत उलटायच्या आधी इमिग्रेशन कचेरीत जा. मुदतवाढ मागताना हॉस्पिटलचं पत्र उपयोगी पडतं.

पायरी ४: विमान की बोट

विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब समुद्रसपाटीचा नसतो. तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या डोंगरावर असावा तेवढा कमी असतो. त्यामुळे निरोगी माणसाच्याही रक्तातला ऑक्सिजन काही टक्क्यांनी उतरतो. न्यूमोनियातून उठलेल्याला तेवढा उतारही जाणवतो. दुसरी गोष्ट, कमी दाबात शरीरात अडकलेली हवा सुमारे ३० टक्क्यांनी फुगते. सर्दीने चोंदलेल्या कानात ती ठणका लावते, आणि पोटाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर टाक्यांवर ताण आणते. फुफ्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर जिवावर बेतू शकतं. तिथे एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय विमान नाहीच.

ब्रिटनमधले प्रचलित ठोकताळे अंदाजासाठी चांगले आहेत: दुर्बिणीतून केलेल्या साध्या शस्त्रक्रियेनंतर १ ते २ दिवस, पोटाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर ४ ते ५, छाती किंवा पोटाच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेनंतर १० दिवस, आणि प्लास्टर घातलं असेल तर दोन तासांहून लांबच्या उड्डाणाआधी ४८ तास. तुमचा डॉक्टर आणि विमान कंपनी यापेक्षा जास्त दिवस सांगू शकतात. कंपनीचा वैद्यकीय फॉर्म असतो, त्याला मेडिफ म्हणतात. तो भरून पाठवायला लाजू नका. विमानाच्या दारात अडवलं जाण्यापेक्षा ते बरं. व्हीलचेअर किमान ४८ तास आधी सांगून ठेवा. चालता येत असलं तरी घ्या. मोठ्या विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगा आणि गेटपर्यंतची पायपीट यातच सगळी ताकद जाते.

चार तासांहून लांबच्या प्रवासात, मग तो बसचा असला तरी, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा बरेच दिवस अंथरुणात गेले असतील तर आणखी वाढतो. कडेची सीट घ्या, अधूनमधून उठा, बसल्या बसल्या पावलं वर-खाली करत राहा, पाणी प्या. गुडघ्याखालचे घट्ट मोजे आणि रक्त पातळ करणारं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून.

बोटीबद्दल कुणी काही विचारत नाही, कारण तिथे फॉर्म नसतो. स्पीडबोट लाटेवर आपटते तो दणका कंबरेला आणि टाक्यांना थेट बसतो. मोठी, संथ फेरी असेल तर ती घ्या, जास्त वेळ लागला तरी चालेल, आणि मध्यभागी किंवा मागे बसा. पुढच्या टोकाला हेलकावे सगळ्यात जास्त. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

पायरी ५: खोली

आधीचं बुकिंग निरोगी माणसाने केलेलं होतं. तेव्हा पाहिलं होतं ते दृश्य. आता पाहायचंय ते वेगळंच आहे, आणि ते वेबसाइटवर लिहिलेलं नसतं. हॉटेलला फोन करा. "लिफ्ट आहे का?" याचं उत्तर हो येईल, पण त्यातून काही कळत नाही. विचारा, की गाडी थांबते तिथपासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या? खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत किती? टेकडीच्या उतारावर बांधलेल्या रिसॉर्टमध्ये लिफ्ट असते ती मुख्य इमारतीत, आणि तुमची कॉटेज खाली शंभर पायऱ्यांवर. बाथरूमचा फोटो मोबाइलवर मागवा. आत शिरताना उंबरा आहे का, शॉवर टबमध्ये चढून घ्यावा लागतो का, धरायला काही आहे का, हे फोटोत एका नजरेत कळतं. पहाटे चक्कर येऊन माणूस पडतो तो बहुधा तिथेच.

एसी रात्रभर चालतो का, वीज गेली तर जनरेटर आहे का, खोलीत छोटा फ्रिज आहे का, जेवण खोलीत आणून देतात का, खाली बार किंवा डान्स फ्लोअर आहे का. झोप मोडली तर बाकी सगळं व्यर्थ आहे. समुद्रासमोरची खोली सोडून मागच्या बाजूची तळमजल्यावरची मागायला कमीपणा वाटून घेऊ नका. आजाराचं कारण स्पष्ट सांगितलं तर बदलून देतात, कित्येकदा तारखाही पुढे ढकलून देतात. विचारायला काय जातं?

हॉस्पिटलचं अंतर नकाशावर किलोमीटरमध्ये पाहू नका, रात्री दोन वाजता किती वेळ लागेल ते विचारा. जवळच्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतो का, सलाईन लावून ठेवून घेतात का, रक्ताची साधी तपासणी आणि एक्स-रे तिथेच होतो का? बेटावर असाल तर शेवटची बोट कितीला, आणि त्यानंतर आजारी माणसाला पलीकडे कसं नेतात? या प्रश्नाला रिसेप्शनवरून "तशी वेळ कधी आली नाही" असं उत्तर मिळालं तर मी ते बेट रद्द करीन. मुख्य भूमीवरचं, शहराला लागून असलेलं, फोटोत काही खास न दिसणारं किनाऱ्याचं गाव अशा वेळी सगळ्यात चांगलं. सुंदर एकांत पुढच्या खेपेला.

पायरी ६: औषधं आणि ऊन

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटासकट, प्रिस्क्रिप्शनसह. द्रवरूप औषध १०० मिलीपेक्षा जास्त असेल तर सुरक्षा तपासणीत आधीच सांगा. वैद्यकीय कारणासाठी सवलत असते. सीमा ओलांडताना एक जास्तीची खबरदारी: एका देशात डॉक्टरने सहज लिहून दिलेलं औषध दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकतं. जपानमध्ये १० टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं नेता येत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारख्या वेदनाशामकांना आधी परवानगी लागते. ऑपरेशननंतर नेमक्या याच गोळ्या हातात पडतात, म्हणून पुढच्या देशाच्या दूतावासाच्या वेबसाइटवर पाहून घ्या.

आता ऊन. प्रवासातल्या आजारांवर दिली जाणारी काही नेहमीची औषधं त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली अँटिबायोटिक्स, सल्फा असलेलं को-ट्रायमॉक्साझोल, रक्तदाबासाठी दिली जाणारी काही लघवीची औषधं. एरवी तासाभरात जेवढं भाजलं असतं तेवढं पंधरा-वीस मिनिटांत भाजू शकतं, आणि सावळ्या कातडीलाही यातून सूट नाही. यात मुख्य हात अतिनील 'ए' किरणांचा असतो, आणि ते साध्या काचेतून आत येतात. म्हणजे टॅक्सीत खिडकीशी बसूनही हात भाजू शकतो. सनस्क्रीन घेताना ते 'ए' आणि 'बी' दोन्ही किरणांवर चालणारं, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं घ्या, सढळ हाताने लावा, दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा लावा. तरी पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि रुंद काठाची टोपी यांवर माझा जास्त भरवसा आहे. त्यांना दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. छत्रीखाली बसलं की सुटलो असंही नाही: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो.

डॉक्सिसायक्लिन घेऊन लगेच आडवं व्हायचं नसतं. गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते. किनाऱ्यावर काय घडतं पाहा: नाश्ता झाला, घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतली आणि तडक आरामखुर्चीवर पाठ टेकली. दुसऱ्या दिवशी छातीच्या मधोमध असं दुखतं की हृदयविकाराची भीती वाटते. पेलाभर पाणी प्या आणि किमान अर्धा तास ताठ बसा. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर टाचेमागच्या शिरेकडे लक्ष ठेवा; या औषधांनी स्नायुबंध कमकुवत होऊ शकतात आणि वाळूत धावणं हा त्यांच्यावरचा मोठा ताण आहे. तिथे दुखू लागलं तर चालणं थांबवा, पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. ही दोन्ही औषधं दूध, अँटासिड किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, नीट शोषली जात नाहीत.

इन्सुलिन वापरणाऱ्यांसाठी: उघडलेलं पेन बहुतेक वेळा ३० अंशांखाली चार आठवडे टिकतं, पण उन्हातल्या गाडीत किंवा किनाऱ्यावरच्या पिशवीत तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. हॉटेलच्या छोट्या फ्रिजचा उलटा धोका. मागच्या थंड पत्र्याला टेकलेलं पेन गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. दाराच्या कप्प्यात ठेवा. चेक-इनच्या सामानात कधीही नाही.

पायरी ७: पहिले तीन दिवस

पोहोचलात त्या दिवशी काही करायचं नाही. खिडकीतून समुद्र दिसत असेल तर पाहा, नसेल दिसत तर झोपा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत पंधरा मिनिटं बाहेर. ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणून किनाऱ्यावर शंभर पावलं सहज वाटतात आणि परत येताना पाय उचलत नाहीत. अंगातली निम्मी ताकद संपायच्या आतच मागे फिरा. सकाळी दहा ते दुपारी चार खोलीत किंवा दाट सावलीत. संध्याकाळी पुन्हा पंधरा-वीस मिनिटं, एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त थकवा असेल तर वेळ वाढवू नका, उलट कमी करा. डेंग्यू, कावीळ, न्यूमोनिया यांच्यानंतरचा थकवा कित्येक आठवडे टिकतो. तो आळस नाही.

निरोगी शरीरालाही उकाड्याची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. त्यात अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घाम कमी करू शकतात आणि लघवीची औषधं पाणी काढून घेतात. तहानेची वाट न पाहता थोडं थोडं पीत राहा. जुलाबानंतर ओआरएस उत्तम. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट मिसळा, निम्मं निम्मं नको. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने टाकू नका. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे पाण्यावर बंधन असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांचं माप पाळा.

सोबत्यांना मोकळं सोडा. दिवसभर कुणी उशाशी बसून तोंड पाडलं की आजारी माणसालाच अपराधी वाटतं. त्यांनी पोहायला जावं, मात्र ठरलेल्या वेळी एक फोन करावा. एकटे असाल तर रिसेप्शनवर सांगून ठेवा, की सकाळी नऊपर्यंत मी दिसलो नाही तर खोलीवर फोन करा, उचलला नाही तर दार उघडा. हे सांगायला थोडं अवघडल्यासारखं होतं. सांगा.

पायरी ८: पाण्यात कधी उतरायचं

टाके, उघडी जखम, सलाईनच्या सुईची न भरलेली जागा, असं काहीही असेल तर समुद्र नाही आणि पूलही नाही. "खारं पाणी जखमेला चांगलं" हे ऐकू नका. कोमट, मचूळ किनारी पाण्यात व्हिब्रिओ कुळातले जिवाणू असतात. त्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस यकृताचा आजार असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना काही तासांत गंभीर करू शकतो. पाणी लागलेली जखम लाल होऊन वेगाने सुजू लागली, असह्य दुखू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. जुलाब चालू असतील किंवा नुकतेच थांबले असतील तर पूलमध्ये उतरू नका. हे दुसऱ्यांना लागण होऊ नये म्हणून.

बाकी सगळं ठीक असेल तर आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, सोबत कुणी असताना, जीवरक्षक असलेल्या जागी. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा जीवरक्षकांच्या नजरेखालची असते, लाल झेंडा म्हणजे धोका, दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात शिरायला बंदी. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यावर चांगले पोहणारेसुद्धा किनाऱ्याकडे झगडत दमतात आणि बुडतात. आजारातून उठलेल्याकडे झगडण्याएवढा श्वासच नसतो. अंग सैल सोडून तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, ताकद असलीच तर किनाऱ्याला समांतर सरकायचं.

स्कूबा या सहलीत नाही. फुफ्फुसाचा, कानाचा, हृदयाचा कुठलाही आजार नुकताच झाला असेल तर डॉक्टरांच्या तपासणीशिवाय पाण्याखाली जाणं धोक्याचं आहे. डायव्हिंग सेंटरच्या फॉर्मवर खोटी 'नाही'ची खूण करून जाणारे पाहिले की अंगावर काटा येतो. मलेरिया किंवा मोनोन्यूक्लिओसिस (घसा, ताप, गाठी आणणारा एक विषाणूचा आजार) यांच्यानंतर प्लीहा सुजलेली राहू शकते आणि पोटावर आपटल्यास ती फाटू शकते, म्हणून जेट-स्की, बनाना बोट, पॅरासेलिंगही नाही.

खाणं, पिणं, डास

भात, केळी, उकडलेला बटाटा, टोस्ट, समोर गरम करून दिलेलं काहीही. जुलाबानंतर काही दिवस दूध पचत नाही, ते नेहमीचं आहे. कच्चे शिंपले आणि कालवं अजिबात नको. प्रवाळ खडकांच्या भागातले मोठे शिकारी मासे, विशेषतः बराकुडा, टाळा; त्यांत सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं आणि ते शिजवूनही जात नाही. काविळीनंतर दारू बंद म्हणजे बंद, आणि मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना व संपल्यानंतरही काही दिवस टाळलेली बरी.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून मच्छरदाणी फक्त रात्रीपुरती पुरत नाही. तापाच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला चावलेला डास तोच विषाणू दुसऱ्याकडे नेतो, तेव्हा स्वतःला चावू न देणं हे आजूबाजूच्यांसाठीही आहे. डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम सनस्क्रीननंतर लावायचं, आधी नाही.

परत फिरायची वेळ

ताप पुन्हा आला, उलट्यांमुळे औषध पोटात टिकत नाही, सहा-आठ तास लघवी नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, जखमेतून स्राव, नवीन धाप. यातलं एक जरी घडलं तरी दिवस मोजत न बसता दवाखाना गाठा, आणि सोबत ती डिस्चार्ज समरी न्या. तिथला आपत्कालीन नंबर पोहोचल्याच दिवशी मोबाइलमध्ये घाला; युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत ११२ चालतो. भाषा येत नसेल तर निदान, औषधं, अ‍ॅलर्जी आणि रक्तगट स्थानिक भाषेत एका कागदावर रिसेप्शनवरून लिहून घ्या आणि पासपोर्टमध्ये ठेवा.

घरी पोहोचल्यावर पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला, तर डॉक्टरांना तोंडून आठवेल तसं न सांगता कोणत्या देशात कोणत्या तारखेला होतात ते लिहून द्या, कारण मलेरिया परतल्यानंतर काही महिन्यांनीही डोकं वर काढू शकतो.